आंधळा मोर

भिवरा साळीण दर पैठणीला नवी नक्षी काढायची. पण ती नक्षी बाजारात यायचा अवकाश, की त्र्यंबकशेटच्या कारखान्यातले सगळे माग तीच नक्षी विणू लागत. भिवराची चूल थंड पडत चालली होती. त्यातून उलट शेटनेच सरदारांकडे फिर्याद नेली, "ही बाई माझे मोर चोरते. हिचा माग जप्त करा."

दोघांच्या पैठण्या सरदारांपुढे अंथरल्या. मोर अगदी हुबेहूब. आता संपलंच सगळं, असं भिवराला वाटलं. शेट मिशीला पीळ देत होता.

तेवढ्यात तिची नजर आपल्या पैठणीच्या पदरातल्या शेवटच्या मोरावर गेली. त्याला डोळाच नव्हता. शेटच्या मोरालाही नव्हता.

"सरकार," ती म्हणाली, "हा मोर विणताना माझी लेक गेल्याचा सांगावा आला. माझे डोळे भरले अन् मोराचा डोळा राहून गेला. शेटजी, तुमचा मोर विणताना तुमच्या घरचं कोण गेलं?"

शेटची मान खाली गेली. माग वाचला. सरदार खूश होऊन म्हणाले, "वा! आमच्यासाठी अशीच आणखी एक विण."

भिवराने पैठणीची घडी घातली.

"अशी नाही व्हायची, सरकार. मला दुसरी लेक नाही."