ओगले मास्तरांची गोल्फपरीक्षा

घाटमाथ्यावरच्या एका गावात गोल्फचे जुने मैदान होते आणि त्याच्यावर जीव लावणारे एक मास्तर होते. त्यांचे नाव विश्राम ओगले. त्यांनी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला होता, पण बोलत ते गोल्फबद्दलच. जुन्या लाकडी दांड्याच्या काठ्या त्यांनी कुठून कुठून जमवल्या होत्या. दर रविवारी ते आणि त्यांचे आठ सोबती त्याच काठ्यांनी खेळत. पोलादी काठीला ते हात लावत नसत.

ते मैदानही जगावेगळे होते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ, म्हणून भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेली बारीक वाळू पसरलेली असे. सगळे तिला ‘ब्राऊन’ म्हणत. आपला डाव झाला की फळीने ती वाळू सारखी करायची आणि मगच पुढे जायचे, अशी तिथली रीत होती.

एके वर्षी माघात नगरपंचायतीने कळवले, ‘पाडव्याच्या सकाळी मैदानावर चाळीस खेळाडू दिसले तर मैदान राहील. नाहीतर तिथे वाहनतळ होईल.’

नवे लोक हवे होते आणि ते आलेही. पण मास्तरांना वाटले, ज्याला परंपरा ठाऊक नाही त्याच्या हाती परंपरा कशी द्यायची? म्हणून त्यांनी प्रवेशपरीक्षा ठेवली. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, टिपा लिहा. गुण पन्नास, उत्तीर्ण व्हायला चाळीस. खेळावर प्रेम असलेली माणसे दारात उभी होती आणि मास्तर त्यांच्याकडून सनावळ्या वदवून घेत होते.

हॉटेलातला एक आचारी नापास होऊन निघताना म्हणाला, “मास्तर, मी खेळायला आलो होतो, स्कॉलरशिपला नाही.”

तीन आठवड्यांत सव्वीस जण परीक्षेला बसले. एकही पास झाला नाही.

चौथ्या रविवारी हौसाबाई ढेबे पदर खोचून परीक्षेच्या टेबलासमोर येऊन बसली. मैदानावरच्या ब्राऊनची वाळू चाळणे, तेल पाजणे, फळी ओढणे हे काम ती तीस वर्षे करत होती. तिच्या आधी तिची सासू करायची.

“हौसाबाई, तुम्ही?” मास्तर म्हणाले.

“का? तीस वर्सं दुसऱ्यांचं चेंडू बघतीया. एकदा आपला मारून बघावा म्हणलं. लिवायचा कटाळा हाय, तोंडी घ्या.”

मास्तरांनी चष्मा लावला. “या गावात गोल्फ कोणी आणला?”

“कोण्या साहेबानं. आणला आन गेला. राखला कुणी, ते न्हाई इचारत तुम्ही.”

बाजूला बसलेले सोबती हसले. मास्तरांनी शून्य दिले. “मॅशी या जुन्या काठीचा दांडा कोणत्या लाकडाचा असतो?”

“कुठल्याबी असंना. उन्हाळ्यात जवसाचं तेल लावलं न्हाई तर तडकतो. गेल्या साली तुमचा तडकला, तसा.”

मास्तरांनी दुसरे शून्य दिले.

हौसाबाई म्हणाली, “मी एक इचारू? पाचव्या ब्राऊनवर सरळ मारलेला चेंडू डावीकडं का पळतो?”

मास्तर बावीस वर्षे त्या ब्राऊनवर हरत होते. ते चाचरत म्हणाले, “वारा असेल.”

“वारा वाळूवर सरपटत न्हाई, मास्तर. भूगोल शिकीवला म्हनं तुम्ही. खाली झरा व्हता. माझ्या सासूनं डोईवरनं दगड वाहून तो बुजवला. पाऊस झाला की ती डावी बाजू खचती. मी भरती, ती पुन्यांदा खचती.”

डॉक्टर रेगे हे मास्तरांचे जुने सोबती. ते हळूच म्हणाले, “सोडा हो मास्तर, अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे.”

ती पळवाट सोयीची होती. मास्तरांनी ती घेतली नाही. गोल्फला पंच नसतो. आपली चूक आपणच सांगायची, फटके जितके कमी तितका डाव सरस, तरी आपला आकडा आपणच लिहायचा आणि सोबत्याने त्यावर सही करायची. मास्तरांनी एक कोरी उत्तरपत्रिका ओढली. वर स्वतःचे नाव लिहिले. गुणांच्या चौकटीत शून्य लिहिले आणि कागद हौसाबाईपुढे ठेवला.

“सही करा.”

“मी?”

“आमच्यात सही सोबतीच करतो.”

हौसाबाईने एकेक अक्षर दाबून आपले नाव लिहिले. मास्तरांनी उरलेल्या प्रश्नपत्रिका डॉक्टरांच्या हाती दिल्या. “पाठकोऱ्या आहेत. औषधांच्या पुड्या बांधा.”

त्याच दुपारी मास्तर हॉटेलच्या मुदपाकखान्यात गेले आणि आचाऱ्याला म्हणाले, “चुकलो. रविवारी या.” नापास झालेल्या बाकीच्या पंचवीस जणांच्या दारी ते असेच गेले. पुढच्या रविवारपासून कोणी काठीला तेल कसे लावायचे ते दाखवी, कोणी जुन्या डावांच्या गोष्टी सांगे. हौसाबाई वाळूची नस शिकवी. लोक आपल्या भावाला, बायकोला, शेजाऱ्याला घेऊन येऊ लागले.

पाडव्याच्या सकाळी नगरपंचायतीचे साहेब आले, तेव्हा मैदानावर एकसष्ट माणसे होती. साहेबांनी त्रेचाळीसपर्यंत मोजून वही मिटली. मैदान राहणार होते. तरी त्यांचा पाय निघेना.

हौसाबाईने त्यांच्या हातात काठी दिली. “निस्तं बघता काय साहेब, खेळा की.”

साहेब पहिल्यांदाच खेळत होते. एक फटका गवतात गेला, दुसरा वाळूत. पुढे चेंडू टेकाडामागे गडगडला आणि त्याच्यामागे साहेबही दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने चेंडू कसाबसा भोकात पडला.

मास्तरांनी विचारले, “किती लिहू? आम्हाला आठ फटके दिसले.”

साहेबांनी क्षणभर टेकाडाकडे पाहिले. मग म्हणाले, “नऊ लिहा. टेकाडामागचा एक तुम्हाला दिसला नाही.”

मास्तरांनी नऊ लिहिले आणि सहीसाठी पेन हौसाबाईकडे दिले.

तात्पर्य: वारसा पाठ असलेल्यापेक्षा तो हातांनी राखणाऱ्याचा मान मोठा; आणि जो आपली चूक आपल्या हाताने लिहितो, त्याला सोबती कमी पडत नाहीत.