रेवतामाय आणि खारोळीची जीभ

फार वर्षांमागं, पूर्णेकाठच्या खारपट्ट्यात खारोळी नावाचं गाव होतं. गावाला विहीर एकच आणि तिचं पाणी खारं. पण गावाला ते गोड लागायचं, कारण दुसरं पाणी कुणी चाखलंच नव्हतं. कित्येक माणसं ऐन उमेदीत तोंडाला, पायांना सुजायची आणि मरायची. गाव म्हणायचं, देवाची मर्जी.

अशा गावात सातपुड्याच्या पायथ्याची रेवता सून म्हणून आली. पहिलाच घोट तिनं थुंकून टाकला.

"हे पाणी हाय का मीठ?"

सासू जानकाबाई हसली. "होईल सवय, पोरी."

सवय झाली. हळूहळू भाजीत मीठ जास्त पडू लागलं, खारवलेल्या मिरच्यांशिवाय घास उतरेना. एका दुपारी ती विहिरीवर पाणी प्यायली आणि तिच्या तोंडून निघालं, "काय गोड लागलं!" निघालं मात्र, ती जागीच थिजली. तोवर जानकाबाईचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. रेवताला स्वतःच्या जिभेचा असा संताप आला, की त्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं.

नुसती अळणी भाकर खाऊन तिनं हिवाळा काढला, उन्हाळा काढला. मग तिची जीभ जागी झाली. असं म्हणतात, की वाऱ्यातलंही मीठ तिला कळायचं. नाल्यानाल्यानं ओली वाळू चाखत ती फिरली आणि एका वळणावर थांबली. तिथं वाळूत हातांनी खड्डा करून तिनं झिरा उकरला. पाणी आलं, नितळ आणि गोड.

तिनं घागर भरून गावात आणली. म्हाताऱ्यांनी तोंडं वेंगाडली. "अळणी हाय! याले चवच नाही." पोरं मात्र घागरीला झोंबली.

महादजी पाटील गरजला, "विहिरीचं पाणी माह्या आज्यानं पेलं, बापानं पेलं!"

"अन् दोघंही केस पिकायच्या आधी गेले, पाटील!"

चावडीवर पंच बसले. रेवतानं पाटलापुढं लोटा ठेवला. तो घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या. "हे आपल्या विहिरीचं. गोड!"

तोच लोटा तिनं पाटलाच्या चिमुकल्या नातीच्या ओठांना लावला. पोर थुंकली आणि किंचाळून रडली.

"झिऱ्याच्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं होतं म्या," रेवता म्हणाली. "जीभ म्हातारी झाली, पाटील, त्यात लाज नाही. सवय जडली, त्यातही नाही. माह्या जिभेलेही जडली होती. पण त्या मेल्या जिभेनं लेकराईचं पाणी ठरवता, याची लाज वाटू द्या!"

पाटलानं नातीचं तोंड पुसलं. मग उठला आणि स्वतःच्या हातानं विहिरीचा दोर कापला. जानकाबाईसाठी मात्र फार उशीर झाला होता.

असं म्हणतात, की रेवतामाय गेली त्या वर्षी सारे नाले आटले, पण तिचा झिरा काठोकाठ भरून वाहिला.

खारोळीत आजही अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुलीवर मीठ चढत नाही. झिऱ्याची पहिली घागर गावातल्या सगळ्यांत लहान बोलत्या लेकरापुढं ठेवतात. त्यानं तोंड वाकडं केलं, तर घागर तिथंच ओतून देतात. आणि एखादा आजोबा पुटपुटलाच, "मले तं गोडच लागते," तर साऱ्या बाया एका दमात म्हणतात, "तुम्ही गप बसा! तुम्हाले कोनं इचारलं?"