तटापासून पाण्याचे अंतर

त्या मुलखात राज्य बेडकांचे होते आणि समुद्र कोणाचाच नव्हता. बेडकांची राजधानी गोड्या पाण्याच्या एका तळ्यात होती, किनाऱ्यापासून कासवाच्या चालीने नऊ दिवसांच्या वाटेवर. समुद्र एकाही बेडकाने पाहिला नव्हता. खारे पाणी बेडकाच्या कातडीला सोसत नाही, एवढे मात्र ते आज्यापणज्यांपासून ऐकत आले होते. म्हणून किनाऱ्याला तट घालायचे ठरले आणि ते काम खेकड्यांच्या फौजेकडे आले. खेकड्याला खारे चालते, गोडेही चालते. तट त्याच्यासाठी नव्हताच.

तटाच्या कामावर मुख्य होता सुभानजी. म्हातारा, जाड कवचाचा, डाव्या नांगीचे टोक उडालेला. शिकलेला फारसा नव्हता, पण दगडावर नांगी वाजवून तो किती वर्षे टिकेल ते सांगायचा. तीस पावसाळे त्याने तट रचला. हुकमाशिवाय त्यात एक दगड बसवला नव्हता आणि ही गोष्ट तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

तट पुरा झाला होता, मधले वीस हातांचे खिंडार सोडून. समुद्रातल्या कातळावरून दगड आणायची वाट तीच, म्हणून ते शेवटी बुजवायचे ठेवले होते. लागणारे दगड शेजारीच रचून तयार होते. खिंडारामागची जमीन थेट तळ्यापर्यंत उतरती होती आणि मोठ्या उधाणाची पौर्णिमा चार महिन्यांवर होती. सुभानजीने वाकड्या अक्षरांत पत्र लिहिले :

"खिंडार बुजवायचे आहे. दगड तयार आहेत. पाणी पायथ्याला लागले आहे. हुकूम व्हावा."

भिकोबा कासव टपाल नेत असे. अठरा दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. 'पायथ्याला लागले आहे' हे लिहिणे मोघम आहे, असे दरबारच्या चिटणिसांचे म्हणणे होते. नेमके अंतर हातांत मोजून कळवावे.

पत्र आले तेव्हा ओहोटी होती. सुभानजी चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेला, दोरीने मोजले आणि जे होते ते लिहिले : "एकशे चाळीस हात."

पुन्हा अठरा दिवस गेले. चिटणिसांनी लिहिले होते, "पहिल्या पत्रात पाणी पायथ्याला. दुसऱ्या पत्रात एकशे चाळीस हातांवर. यातले खोटे कोणते?"

सुभानजीच्या डोळ्यांच्या दोन्ही दांड्या ताठ झाल्या.

"खोटं!" तो म्हणाला. "तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी हा शब्द वापरला नाही."

मुकादम पिराजी शंखातला खेकडा होता. कुठेही गेला तरी घर पाठीवरच, त्यामुळे त्याला कसली काळजी नसे. तो म्हणाला, "तोंडावर नाही वापरला. नऊ दिवसांच्या वाटेवरून वापरलाय. तेवढं धाडस चालतं."

सुभानजीने लिहिले, "दोन्ही खरे. पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते."

याचे उत्तर लांबलचक आले. तळ्याचे पाणी पावसात एकदा चढते आणि उन्हाळ्यात एकदा उतरते. दिवसातून दोनदा चढणाऱ्या पाण्याची नोंद दप्तरात कोठेही नाही. अंतराचा रकाना एकच आहे. त्यात एकच आकडा बसतो. तो कळवावा, म्हणजे हुकमाचा विचार करता येईल.

पिराजीने पान उलटेसुलटे पाहिले. "सत्तर लिहा, सुभानजी. मधला आकडा. त्यांचा रकाना भरेल, आपलं खिंडार भरेल."

"सत्तर हातांवर पाणी थांबलेलं तू कधी पाहिलंस?"

"त्यांनी तरी कुठे पाहिलंय?"

"मी पाहिलंय ना. नाही थांबत. जे नाही ते मी लिहिणार नाही."

"मग बसा पाण्याची समजूत घालत. म्हणावं, बाबा रे, एका जागी उभा राहा, चिटणिसांना मोजायचंय."

मजूर खेकडे हसले. सुभानजी हसला नाही. त्याने तेच पत्र पुन्हा लिहिले, या वेळी अक्षरे मोठी काढून. खाली जोडले, "विश्वास नसेल तर येऊन पाहावे."

हे त्यांनी मनावर घेतले. पौर्णिमेला बारा दिवस राहिले असताना तपासनीस आला. ओल्या कमळपानांचा मेणा होता, कोरड्यावरही तग धरणारे चार भेक, म्हणजे जाड कातडीचे बेडूक, त्याचे भोई होते आणि एक जण वरून सारखे पाणी शिंपडत होता. मेणा खिंडारात थांबला. तपासनिसाने पान बाजूला करून बाहेर डोकावले. समोर चिखल होता, दूरवर.

"समुद्र कुठे आहे?"

"उतरलाय. दुपारी येईल," सुभानजी म्हणाला. "चार घटका थांबा. तुमच्या पायांपर्यंत येईल, स्वतःच पाहा."

"चार घटका? इथला वारा बघितलात का? माझी कातडी आत्ताच तडकायला लागलीय."

"हा वारा त्याच पाण्याचा आहे."

"वाऱ्याबद्दल विचारायला मला पाठवलेलं नाही," तपासनीस म्हणाला आणि त्याने पान ओढून घेतले. मेणा वळला. दुपारी पाणी आले आणि खिंडारातले भोयांचे ठसे पुसून गेले.

मेण्याची चाल कासवाहून बरीच जलद. चौथ्या दिवशी मेणा राजधानीत पोचला. उत्तर आणायलाही भोयांनाच पिटाळले होते, म्हणून पौर्णिमेच्या चार दिवस आधी हुकूम हातात पडला. आजवर आलेल्या पत्रांत हे सर्वांत स्पष्ट होते. तपासणीच्या वेळी समुद्र जागेवर हजर नव्हता. सबब खिंडाराची निकड दिसत नाही. तयार दगड पडून आहेत ते राजधानीस पाठवावे. तळ्याला नव्या पायऱ्या बांधायच्या आहेत.

दगड न्यायला दोनशे भेक आले होते.

पिराजी सुभानजीच्या जवळ सरकला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "यांना दोन दिवस कातळावर फिरवतो. तेवढ्यात दगड बसवून टाकू. तुम्ही फक्त मान हलवा."

सुभानजी दगडांकडे पाहत राहिला. एकेक त्याने स्वतः वाजवून घेतलेला होता. मग त्याने तटाकडे पाहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हुकमाशिवाय एक दगड बसवलेला नाही मी."

"ठाऊक आहे. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. ते बेडूक मरतील, सुभानजी."

"लिहितो मी त्यांना. कडक लिहितो."

"लिहा," पिराजी म्हणाला आणि शंखात शिरला.

दगड गेले. त्यांच्यामागून भिकोबा पत्र घेऊन गेला. इतके कडक पत्र सुभानजीने आयुष्यात लिहिले नव्हते. ते घेऊन भिकोबा निम्म्या वाटेवरही पोचला नव्हता, तोच पौर्णिमा आली.

उधाण भर दुपारी चढले. तट जागचा हलला नाही. एकही दगड निसटला नाही. सारा समुद्र वीस हातांच्या खिंडारातून आत गेला, तीन दिवस दर भरतीला जातच राहिला आणि जाताना वाळू टाकत गेला. चौथ्या दिवशीच्या ओहोटीला खिंडार काठोकाठ वाळूने बुजलेले होते. बाहेर एकशे चाळीस हात चिखल उघडा पडला. आत, नजर पोचेल तिथपर्यंत पाणी होते आणि बाहेर जायला त्याला वाट नव्हती. तट चांगला बांधलेला होता.

सुभानजी तटावर बसून होता. आतल्या बाजूने भिकोबा येताना दिसला. नऊ दिवसांची वाट त्याने एका दिवसात कापली होती. तो पोहत आला होता.

"सुभानजी, टपाल," त्याने मान वर काढली. "जरा भिजलंय."

पत्र असे होते : "आपली सर्व पत्रे पाहिली. खिंडार बुजवण्यास मंजुरी देण्यात येत आहे. तळ्याचे पाणी एकाएकी वाढून नव्या पायऱ्यांचे दगडही बुडाले, त्यामुळे दरबारात आनंद आहे. फक्त पाणी चवीला वेगळे लागते आणि लहान पिल्ले कालपासून हलत नाहीत. याची कारणे कळवावी. तसेच अंतराचा रकाना अजून कोरा आहे. कृपया एकच आकडा द्यावा."

पिराजी शंखातून बाहेर आला. सुभानजी दोरी घेऊन तटाच्या आतल्या बाजूने खाली उतरला. सकाळी मोजले. दुपारी मोजले. संध्याकाळी पुन्हा मोजले. पाणी तसूभरही हलले नव्हते.

मग त्याने पान ओढले आणि रकान्यात एकच आकडा लिहिला. शून्य.

भिकोबाने पत्र घेतले, तळ्याच्या दिशेला वळला आणि लगेच मागे फिरला.

"कुणाला देऊ?" त्याने विचारले.