शंख ऐकणारं गाव

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक दवंडी देणारी बाई होती. आवाज फाटका, जीभ तिखट. लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. गावात एक वरची आळी होती, एक खालची आळी होती आणि दोघींच्या डोक्यावर मोठं तळं होतं. तळ्याचा बांध फुटला तर दोन्ही आळ्या वाहून जाणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

या गावात दवंडीची एक रीत होती. ज्याच्याबद्दल दवंडी, त्याच्या उंबऱ्यावर आक्का आधी जायची. "तुझ्याबद्दल असं असं सांगणार आहे. तुझं काय म्हणणं?" असं तोंडावर विचारायची. तो जे म्हणेल ते दवंडीच्या शेवटी जोडायची. मगच डफावर थाप पडायची. त्यामुळे बातमी उशिरा यायची आणि आली तरी तिच्यातली अर्धी मजा गेलेली असायची.

"आक्का, तुझी बातमी म्हणजे शिळी भाकरी!" लोक चिडवत.

"शिळी पचते रे बाबा. कच्ची पोटात दुखते," आक्का म्हणायची.

एकदा गावात एक सौदागर आला. गाडीभर शंख घेऊन. "कानाला लावा आणि जगात काय चाललंय ते घरबसल्या ऐका. एक पैसा नको." फुकट म्हटल्यावर घरोघरी शंख गेला. हा माणूस मग जगतो कशावर, हे कुणीही विचारलं नाही.

शंख हुशार होता. बोलता बोलता तो ऐकणाऱ्याचा श्वास ऐकायचा. ज्या गोष्टीने श्वास जोरात चाले, ती गोष्ट तो पुन्हा सांगायचा, थोडी वाढवून. आणि माणसाचा श्वास रागाने जितका चालतो तितका कशानेच चालत नाही. शंखाला हे फार लवकर कळलं.

मग वरच्या आळीला तो सांगू लागला, "तुम्ही शूरांचे वंशज. खालचे तुमचं पाणी चोरतात." खालच्या आळीला तोच सांगू लागला, "तुम्ही साधे, सोशिक. वरचे तुम्हाला माणसात धरत नाहीत."

पूर्वी पाहुण्याने "आपण कोण?" असं विचारलं तर कुणी म्हणे, "मी गुळव्या. माझ्यासारखा गूळ पंचक्रोशीत कुणाचा नाही." कुणी म्हणे, "मी जुळ्यांचा बाप. झोप म्हणजे काय ते विसरलोय." आता मात्र जो तो छाती काढून एकच सांगू लागला, "मी वरच्या आळीचा," नाहीतर "मी खालच्या आळीचा." पुढे काही नाही. एकेका माणसात पूर्वी पाच-दहा माणसं राहायची. ती सगळी हळूहळू निघून गेली आणि एकच उरला, तोही सौदागराने घडवलेला.

मग सौदागराची दुसरी खेप आली. या वेळी गाडीत काठ्या होत्या आणि कुलपं होती. ती काही फुकट नव्हती. दोन्ही आळ्यांनी रांगा लावून घेतली.

एके दिवशी वरच्या आळीतले शंख फुसफुसले, "तो पाटकरी कुदळ घेऊन रोज बांधावर जातो. बांध फोडून तुम्हाला बुडवणार आहे." पाटकरी म्हणजे गावाला पाटाचं पाणी पाळीने वाटून देणारा माणूस. तो खालच्या आळीत राहायचा. एवढं पुरेसं झालं. वरची आळी काठ्या घेऊन पाटलाच्या अंगणात जमली. पाटीलही वरच्याच आळीचा. त्याने आक्काला बोलावून घेतलं.

"आक्का, दवंडी दे. पाटकऱ्याने दिवस मावळायच्या आत बायकापोरांसह गाव सोडावं. नाहीतर घर पाडू."

"देते की. त्याच्या उंबऱ्यावर जाऊन येते आणि देते."

"आता उंबरा कसला? सगळ्या आळीला माहीत आहे!"

"सगळ्या आळीला शंखाने सांगितलंय. त्याला माहीत असणं म्हणत नाहीत, पाटील."

"तू कुठल्या आळीची, ते आधी बोल!" गर्दीतून गुळव्या ओरडला.

"मी दवंडीवाली. तू शिमग्यापर्यंत गुळव्या होतास. आता कोण आहेस ते तुझ्या शंखाला विचार."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाटील मात्र तडकला. "डफ खाली ठेव. उद्यापासून तुझं बलुतं बंद. मूठभर दाणेसुद्धा कुणी घालणार नाही तुला."

डफावरच आक्काचं पोट होतं. तरी गळ्यातला डफ काढून तिने पाटलापुढे ठेवला.

"घ्या, वाजवा तुम्हीच. न विचारलेली दवंडी माझ्या तोंडून निघायची नाही. मी चालले त्याच्या दारात. भीती वाटत असेल तर बसा इथेच."

शूरांचे वंशज ते. बसतात कसले! सगळी गर्दी तिच्यामागे निघाली.

पाटकरी दारातच भेटला. अंग चिखलाने माखलेलं, हात सोललेले. काठ्या बघून त्याची बायको पोरांना घेऊन आत गेली. तो उंबऱ्यावर उभा राहिला.

"ह्यांचं म्हणणं, तू बांध फोडतोयस," आक्का म्हणाली. "तुझं काय म्हणणं?"

"फोडतोय? अगं आक्का, बांधाला भगदाड पडलंय. एकटा बुजवतोय. बुजवतो तेवढंच पुन्हा वाहून जातंय."

"मग मदत का मागितली नाहीस?" पाटलाने दरडावलं.

"तुमच्या अंगणात उभा राहून हाका मारल्या, पाटील. तुम्ही समोर ओसरीवरच होता. कानाला शंख होता. माझ्या आळीतही फिरलो. तिथे तेच. मारायचं असेल तर मारा, पण बांधावर चला आणि मारा. पाणी थांबणार नाही."

सगळे बांधावर गेले. भगदाडातून गढूळ पाणी उसळत होतं. पाटलाने ते बघितलं, धोतर खोचलं आणि चिखलात उतरला. मागोमाग आळी उतरली. कुणी दगड आणले, कुणी माती, आणि मारायला आणलेल्या काठ्या मेखांसारख्या ठोकल्या गेल्या.

तिकडे खालच्या आळीत शंख किंचाळत होते, "वरच्यांनी पाटकऱ्याला बांधावर नेलं! त्याला मारतायत!" खालची आळी काठ्या उगारून धावत आली. बघतात तर पाटील कमरेएवढ्या चिखलात आणि पाटकरी त्याच्यावर खेकसतोय.

"पाटील, माती टाका माती! माझं तोंड काय बघताय?"

"टाकतोय ना! ओरडतोस कशाला?"

सगळ्यात पुढे धावत आलेल्या गड्याच्या कानाला अजून शंख होता. "मारला! मारला!" शंख ओरडत होता. समोर पाटकरी धडधाकट उभा राहून पाटलाला शिव्या घालत होता. गडी एकदा शंखाकडे बघायचा, एकदा पाटकऱ्याकडे. शेवटी त्याने शंख कानावरून काढला, तळ्यात भिरकावला आणि पाण्यात पाय टाकला.

"कुठे ठोकू रे ही काठी?"

"तिथे," पाटकरी म्हणाला, "पाटलाच्या शेजारी."

तात्पर्य: आपण कोण, हे दुसऱ्याने हातात दिलेल्या शंखाला विचारू नये आणि समोरचा कोण, हे त्याच्या उंबऱ्यावर जाऊन विचारल्याशिवाय ठरवू नये.