उतारासमोरची पाटी

घनदाट रानातून वाहणाऱ्या एका नदीच्या काठी ससा आणि ससीण यांचे कोवळ्या कोंबांचे छोटेसे दुकान होते. ससा स्वभावाने महाभित्रा. पान हलले तरी त्याच्या छातीत धस्स होई. ससीण मात्र धीट होती. दुपारी ती नदीपलीकडच्या कुरणात जाई, कोंबांची जुडी बांधी आणि दिवेलागणीच्या सुमारास ती तोंडात धरून परत येई. ती अलीकडच्या काठावर पोहोचली, की सशाचा जीव भांड्यात पडे.

नदी ओलांडायला एकच उतार होता आणि त्याच्या जवळच्याच डोहात एक मगर राहत होती. म्हणून अलीकडच्या काठावर, उंच उंबराच्या ढोलीत, एक पिंगळा राखणीला बसे. ढोलीत त्याने पुष्कळ काजवे बाळगले होते. त्यांचा उजेड स्थिर दिसला, की पलीकडच्यांनी खुशाल पाण्यात पाय टाकावा. मगर डोहातून निघाली, की पिंगळा ढोलीच्या तोंडाशी पंखाने झाक-उघड करी. मग उजेड लुकलुकू लागे आणि सगळे जागच्या जागी थांबत. पाण्याच्या खळखळाटात हाक ऐकू जात नसे, त्यामुळे या खुणेवरच सगळ्यांचा जीव होता. म्हणून काठावरच्या बाजाराचा नियमच होता, की उतारासमोरच्या दुकानाची पाटी मंद उजेडाची असावी आणि ती कधीही लुकलुकू नये. दुकानदार अंधारात चमकणाऱ्या ओल्या लाकडाची एक ढलपी दारावर टांगत आणि तेवढ्यावर सगळ्यांचे भागत असे. नियम पाळला जातो की नाही, हे बघायला बाजाराचे प्रमुख असलेले म्हातारे कासव अधूनमधून फेरी मारी.

भागत नव्हते ते कोल्ह्याचे. सशाच्या शेजारीच त्याचे बोरांचे दुकान होते. एका संध्याकाळी त्याने कोळ्याच्या जाळ्यावर काजवे चिकटवून हे भले मोठे बोर काढले आणि त्याच्यापुढे आपली झुपकेदार शेपटी हलवत बसला. बोर दिसे, नाहीसे होई, पुन्हा दिसे. पलीकडच्या काठावर बराच वेळ कोणी पाण्यात उतरेना. शेवटी एक रानडुक्कर कंटाळून उतरले. त्याला काही झाले नाही, तेव्हा बाकीचेही आले. येऊन पाहतात तो काय, ती मगरीची खूण नव्हतीच, बोरांची पाटी होती! सगळे पोट धरून हसले आणि तिथेच बोरे खायला बसले.

सशाच्या दुकानातले कोंब मात्र सुकू लागले. दुकान बसले तर खायचे काय, या विचाराने तो दारातच येरझाऱ्या घालू लागला. ते पाहून कोल्हा म्हणाला, "अहो ससेभाऊ, तुम्हीही लावा की अशी पाटी."

"नको हो, कोल्होबा! उताराच्या अगदी समोर... नियम आहे ना?"

"नियम कासवाचा. कासव इथवर पोहोचेपर्यंत पाटी झाकून पुन्हा उघडताही येते! आणि केवढीशी ती तुमची पाटी. तिने काय होणार आहे?"

सशाने जाळे ताणले, त्यावर काजव्यांचा एक कोंब काढला आणि पळसाचे पान त्याच्यापुढे हलवू लागला. गिऱ्हाइके आली. कासवही आले, अर्थात ते निघाल्याची बातमी त्याच्या फार आधी पोहोचली होती. सशाने पाटीवर पान दाबून धरले. कासव दारात थांबले आणि दमून म्हणाले, "बाळ, पलीकडून बघणाऱ्याला पिंगळा कुठला आणि दुकान कुठलं, हे कळलं पाहिजे. एवढं सांभाळा, बाकी मी काही मागत नाही."

"हो, आजोबा," ससा पुटपुटला. कासव वळणाआड जाईपर्यंत त्याची पाचावर धारण बसली होती. मुलांनो, भित्रा कशाला भितो ते नीट बघा. सशाला भीती वाटत होती ती कासवाची. मगरीची आठवणही त्याला झाली नाही.

सशाची पाटी बघून माकडाने लावली, माकडाची बघून साळिंदराने. जो तो म्हणे, माझी केवढीशी! बघता बघता सगळा काठ लुकलुकू लागला. एकदा ससीण कोंब उतरवताना हसत म्हणाली, "पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ काठावरच थांबले होते. आता मी उंबराकडे बघतच नाही. किती ठिकाणी लुकलुकतं, त्यात काय कळणार? आपली पाटी दिसली, की तिच्यावर नजर ठेवून सरळ निघते."

पाटी काढून टाकायचे शब्द सशाच्या अगदी ओठांवर आले होते. पण दारात गिऱ्हाईक उभे होते. उद्या काढू, असे मनाशी म्हणून त्याने पुन्हा पान हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी पाटी तशीच होती. सूर्य बुडाला. ससा पान हलवत होता आणि सहज त्याची नजर उंबराकडे गेली. ढोलीतला उजेड वेड्यासारखा लुकलुकत होता. पिंगळा जिवाच्या आकांताने पंख मारत होता. सशाने नदीकडे पाहिले. एक काळा ओंडका धारेच्या उलट सरकत होता, आणि पलीकडे ससीण पहिल्या दगडावर उतरत होती.

"थांब! अगं, थांब!" तो ओरडला. त्याचा आवाज पाण्याने गिळला. तो धावत कोल्ह्याकडे गेला. "कोल्होबा, पाटी झाका! मगर आली! माझी बायको पाण्यात आहे हो!"

कोल्ह्याचा चेहरा उतरला, पण शेपटी थांबली नाही. "माझ्या एकट्याच्या झाकण्याने काय होणार? आधी त्या माकडाला सांगा."

माकडाने साळिंदराकडे बोट दाखवले. ससा तिथून तसाच माघारी फिरला आणि त्याने आपलीच पाटी टराटरा फाडली. काजवे भुर्रकन उडाले. दुकानापुढे काळोख झाला.

ससीण नदीच्या मधोमध आली होती. ती एकदम थबकली. सशाला वाटले, आता ती मागे वळेल. पण आपल्या दारातला उजेड दिसेना, तेव्हा घरी काहीतरी घात झाला असे वाटून तिचे काळीज उडाले. सशाच्या काळजीने ती दगडांवरून धडाधड उड्या मारत पुढे निघाली. पाणी एकदा जोरात उसळले. मग कोंबांची जुडी सुटून धारेला लागली आणि नदी पहिल्यासारखी वाहू लागली.

एकेक करून सगळ्यांनी पाट्या उतरवल्या. आता उंबराची खूण लख्ख दिसत होती.

सकाळी कासव आले. या वेळी बातमी त्याच्या आधी पोहोचली नव्हती, कारण पळत जाऊन सांगायची कोणाची हिंमतच झाली नव्हती. त्याने विचारले, "लुकलुकणारी पाटी कोणाची होती?"

कोल्हा जमिनीकडे बघू लागला. माकड झाडावर चढले. साळिंदर म्हणाले, "माझी अगदी लहान होती हो."

ससा पुढे आला. तो जन्मात पहिल्यांदाच कोणासमोर न कापता उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, सगळ्यांच्याच होत्या. पण ससीण जिच्यावर नजर ठेवून येत होती, ती माझी होती."

तात्पर्य : सगळ्यांचा जीव राखणाऱ्या नियमातून आपल्यापुरती सूट घेऊ नये, 'माझे केवढेसे' म्हणून केलेली चूक आपल्याच जिवलगाच्या जिवावर बेतू शकते.