बोटावरची पिशवी

“मग खोट कुणात आहे म्हणतेस?” नबीलाल उस्तादांनी विचारलं.

“गिअरबॉक्समध्ये,” हर्षदा म्हणाली. “दुसरं काही असूच शकत नाही.”

उस्ताद पिकअपमध्ये तिच्या शेजारी डोळे मिटून बसले होते. इंजिन चालू होतं. तिने क्लच तळापर्यंत दाबला, पहिला गिअर टाकला, आणि गाडीच्या पोटातून असा खर्रर्र आवाज आला की दारात उभ्या असलेल्या मगदूम अण्णांनी दात आवळले. गाडी त्यांची होती.

तासगाव रस्त्यावरच्या त्या गॅरेजची एक रीत होती. गिअरबॉक्स ज्याने चढवला, ट्रायलला स्टिअरिंगवर त्यानेच बसायचं. उस्ताद शेजारी, हात मांडीवर, डोळे बंद. ऐकून झालं की ते ‘पास’ म्हणत, नाहीतर काही न बोलता उतरून जात. पास झालेल्याने पुढे आपल्या नावावर गाड्या दुरुस्तीला घ्यायच्या. आधीच्या दोघांपैकी एकाला चार वर्षं लागली होती, दुसऱ्याला सहा.

हर्षदा शेटेला चौदा महिने झाले होते. डिप्लोमाला ती कॉलेजात पहिली आली होती, आणि हे गॅरेजातल्या पान्यांनाही ठाऊक होतं.

अण्णांच्या गाडीच्या जुन्या बॉक्सचे दात तुटले, म्हणून हणमंत भंगारवाल्याकडून दुसरा बॉक्स आणला होता. तो तिने चढवला होता.

“भंगारातला माल, उस्ताद. आतून झिजलेला असणार. परत करायला हवा.”

“मी निघालोच,” अण्णा म्हणाले. “हणमंत्या पोराची शपथ घेऊन सांगत होता, बॉक्स चांगलाय म्हणून. आता चार माणसांत उभा करून विचारतो त्याला. परत कोण त्याच्या दारात जातंय बघू.”

“चहा येतोय, अण्णा. घोटभर घ्या, मग भांडा.” उस्तादांनी डोळे उघडले नव्हते. “हर्षदा, इंजिन बंद कर.”

तिने बंद केलं.

“आता टाक गिअर.”

पहिला... दुसरा... रिव्हर्स. एकेक गिअर अलगद पडला. हूं नाही की चूं नाही.

“बॉक्स काय म्हणतोय?”

हर्षदाने गिअरवरचा हात काढून घेतला.

“चालू कर. क्लच दाब. दाबूनच ठेव आणि दहा मोज.”

तिने मनात दहा मोजले.

“रिव्हर्स.”

खर्रर्र.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. क्लच दाबला की इंजिनाने बॉक्सला सोडायचं असतं, मग बॉक्स आतल्या आत थांबतो आणि गिअर निमूट पडतो. दहा मोजूनही खरखरतो, म्हणजे क्लच पुरता सोडतच नाही. खोट बॉक्सच्या बाहेर होती. आणि बॉक्सच्या बाहेरचं सगळं काम तिच्या हातचं होतं.

तिचे कान तापले.

“केबल मी दोनदा ताणलीय,” ती घाईने म्हणाली. “पेडलची चाल मोजलीय. क्लचप्लेट नवी कोरी, मी स्वतः पुसून लावली. उलटी लावलेली नाही. बोल्ट मापात आवळलेत. सांगा, काय राहिलं?”

“राहिलं असं मी कुठं म्हणालो?”

“मग?”

“बॉक्स चढवला कसा?”

“एकटीने.”

हा शब्द तिने दोन दिवस जपून ठेवला होता. आता तो मान ताठ करून बाहेर आला.

“तुम्ही लग्नाला गेला होता. बाकीचे दोघे जेवायला बसले होते. एक पट्टा, एक जॅक आणि मी. चाळीस किलोचा बॉक्स, उस्ताद. कुणाला हाक मारली नाही.”

“बघा की,” अण्णा म्हणाले. “आमच्यात गॅसची टाकी सरकवायची तर तीन माणसं लागतात, आणि एक जण सांगायला.”

बॉक्स चढवताना गाडीखालून ‘हात’ अशी हाक आली, की जेवणाऱ्यानेही खरकट्या हाताने धावायचं, असा गॅरेजचा नेम होता. उस्ताद स्वतःही हाक मारत. हर्षदाने ती चौदा महिन्यांत कधी मारली नव्हती. बाईमाणसाला बॉक्स झेपत नाही, हे वाक्य तिला या जन्मात ऐकायचं नव्हतं.

उस्ताद गाडीतून उतरले. टेबलाखालची पान्यांची पिशवी त्यांनी ओढून काढली.

“बोट पुढं कर.”

ती दचकली. उतरली, आणि तिने तर्जनी पुढे केली. उस्तादांनी पिशवीचे बंद त्या एका बोटावर अडकवले आणि हात सोडला.

चहा आला. उस्तादांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली...

हर्षदा उभी. बोट आधी लाल झालं. मग थरथरायला लागलं.

“अगं, दुसरा हात लाव की,” अण्णांना राहवेना. “रिकामाच तर आहे.”

“झेपतंय मला.”

उस्तादांनी दुसरा घोट घेतला.

बोट खाली वाकत चाललं होतं. ती त्याच्याकडे रागाने बघत होती. अजून तुटलेलं नाही, धरून आहे, बघा म्हणावं... आणि हेच आपण परवाही म्हणालो होतो, हे तिला आठवलं. अगदी याच शब्दांत, गाडीखाली आडवं पडून, वर बघत.

तिने दुसऱ्या हाताने पिशवी धरली आणि खाली ठेवली. बोट सरळ होईना.

“जॅक सरकला होता,” ती हळू म्हणाली. “बॉक्सचा दांडा क्लचप्लेटमध्ये शिरला होता. बाकीचा बॉक्स... लटकलेला. मी बोल्ट शोधत होते.”

“किती वेळ?”

“पाचेक मिनिटं.”

उस्तादांनी बशी पुसून कपाखाली ठेवली.

अण्णांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी खिशातून मोटरसायकलची चावी काढली.

“तुमचं चालू द्या. मी जाऊन येऊ का हणमंत्याकडं?”

उस्ताद रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

हर्षदाच्या मनात आलं, जाऊ द्यावं. दुपारपर्यंत बॉक्स उतरवून प्लेट बदलता येईल, आणि मग कोण विचारतंय... अण्णा पायरीपर्यंत गेले.

“अण्णा, नका जाऊ.”

ते वळले.

“बॉक्स चांगलाय. हणमंत खरं बोलला. प्लेट वाकलीय. मी वाकवलीय. सगळं वजन तिच्या अंगावर टाकून ठेवलं होतं मी. आता ती क्लच दाबला तरी घासत राहते, इंजिनाला सोडत नाही.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले. चावी त्यांच्या हातात तशीच राहिली. “म्हणजे मी चार माणसांत जाऊन...”

“हो.”

अण्णांनी चावी परत खिशात टाकली.

हर्षदाने मान खाली घातली नाही. तिला वाटलं होतं खाली जाईल, पण गेली नाही. तिने उस्तादांकडे पाहिलं. ते आता न बोलता आत निघून जातील, हे तिला ठाऊक होतं.

“पास,” उस्ताद म्हणाले.

तिला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नसावं.

“उस्ताद, गाडी तर अजून खरखरतेय.”

“गाडीची ट्रायल उद्या घेऊ.”