थोरल्या रॅमची तक्रार

संगणकाचे भाग आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. एका रक्तपेढीच्या संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी राहत, थोरली आणि धाकटी. एकदा मालकाने सेटिंग बदलून प्रोसेसरचा वेग झेपेल त्याहून वाढवला.

“चला, पळा माझ्याबरोबर!” प्रोसेसर गरजला.

“साहेब, या वेगात माझ्याकडून अक्षरं चुकतात,” थोरली म्हणाली. “चूक दिसली की मी काम थांबवणार. ही माणसांच्या रक्ताची यादी आहे.”

“ताई, तुझंच काय गं एवढं?” धाकटी हसली. “माझं चुकलं तरी मी लिहीत सुटते. साहेब खूश, मालक खूश!”

त्या दिवशी संगणक सात वेळा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने संगणकातल्या नोंदी पाहिल्या, तर सातही तक्रारी थोरलीच्या होत्या, धाकटीची एकही नव्हती. “हीच खराब आहे,” म्हणत त्याने थोरलीला उपटलं. वेग तसाच ठेवला.

मग संगणक एकदाही थांबला नाही. दसऱ्याला मालकाने त्याला झेंडूचा हार घातला. त्याच सकाळी धाकटीने ‘ए’ गटाच्या पिशवीपुढे ‘ओ’ लिहिलं, आणि ती पिशवी घेऊन माणूस इस्पितळाकडे निघाला.

थोरली भंगाराच्या खोक्यात होती. तिच्या अंगावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘सदोष’.